शेजारी देशांतली शांतता ही निफाड-लासलगावच्या हिशोबातली गोष्ट आहे का?

निफाडची_माती

राम राम मंडळी.

बाजार समितीच्या आवारात, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं: "बांगलादेशाचं काय व्हायचं ते होऊ द्या, आपल्याला काय करायचंय?" मला ते पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर मांडतो. तुमची मतं हवी आहेत, विरोधातली असली तरी.

२०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला. त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, विंचूर, कुठेही उभे राहा, बांगलादेशसाठी खरेदी करणारे व्यापारी लिलावात जोरात आहेत की नाही ते पहिल्या काही ट्रॉल्यांतला भावच सांगतो. ५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या आणि सीमेवरचा माल काही दिवस जागेवर थांबला. तेव्हा इकडे कांदाचाळींत उन्हाळ कांदा भरलेला होता. दमट हवा, काजळी धरायला लागलेली, आणि व्यापारी म्हणतोय "दोन दिवस थांबा, तिकडची बातमी बघू".

त्या दोन दिवसांत सगळेच मोबाईलवर ढाक्याचे व्हिडिओ बघत होते. पण तिथली पोरं रस्त्यावर का उतरली, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नव्हतं. आम्ही राहू द्या, पंधरा वर्षं दिल्लीचा सगळा हिशोब एकाच पंतप्रधानांवर उभा होता, त्यामुळे दिल्लीलाही धक्काच बसला.

माझं मत असं आहे की मोठ्या देशाने शेजारच्या गरीब, अजून घडत असलेल्या देशाच्या समाजाकडे बघितलंच पाहिजे. तिथल्या सामान्य माणसाला काम आहे का, ताटात काय आहे, आपल्याविषयी त्याच्या मनात काय आहे. खुर्चीवर कोण बसलंय ही नंतरची गोष्ट. तुम्हाला काय वाटतं?

पिंपळगाव_बसवंत

+१. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा माल बंगालच्या सीमेवर पेट्रापोलच्या अलीकडे रांगेत उभा होता. इथून तिकडे ट्रकला चार-पाच दिवस लागतात, त्यात उभं राहण्याचे दिवस धरा. ताडपत्रीखालचा कांदा ऑगस्टमध्ये किती तग धरणार? गोणीतून पाणी सुटतं. नुकसान त्यांचं झालं, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी खरेदीचा भाव पाडला, म्हणजे शेवटी आमच्याच अंगावर आलं.

रोखठोक_नाशिककर

धागाकर्त्यांचा सूर चांगला आहे, पण मी सहमत नाही.

पहिली गोष्ट, सरकारचं पहिलं काम आपल्या १४० कोटी लोकांचं. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायला त्यांचं सरकार आहे. दुसरी गोष्ट, १९७१ मध्ये आपण रक्त सांडलं, जवळपास एक कोटी निर्वासित पोसले. त्या उपकारांची आठवण आज तिथे किती जणांना आहे? तिसरी गोष्ट, आपण कितीही भलं केलं तरी शेजारी शेवटी चीनकडे बघतो, कारण चीनकडे पैसा आहे. देशाची ताकद लष्कर आणि तिजोरी यात असते. समाज वगैरे गोष्टी चर्चासत्रांसाठी ठीक आहेत.

निफाडची_माती

@रोखठोक_नाशिककर, तुम्ही दिलेलं १९७१ चं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. तिथे पूर्व बंगालच्या लोकांवर अत्याचार झाले, निवडून आलेल्यांना सत्ता मिळाली नाही, आणि एक कोटी माणसं आपल्या दारात आली. तो प्रश्न आपण ओढवून घेतला नव्हता. तिथला समाज मोडला म्हणून तो आपला झाला. तेव्हा "त्यांचं ते बघतील" म्हणायची सोयच नव्हती.

सातपूरची_सई

मी कंपनीत नोकरी करते, शेतीतलं फार कळत नाही, म्हणून बाळबोध प्रश्न विचारते. सीमा बंद झाली ती तिकडच्या गोंधळाने, हे समजलं. पण कांद्याची निर्यात तर बऱ्याचदा आपणच बंद करतो ना? मग अस्थिर कोण, ते की आपण?

चांदवडचा_घाट

सईताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. बघा:

२९ सप्टेंबर २०१९, बंदी. १४ सप्टेंबर २०२०, बंदी, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३, ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबर २०२३, पुन्हा बंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क कायम. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

यातल्या एकाही बंदीची आम्हाला आधी कल्पना नव्हती. ढाक्यालाही नव्हती. २०१९ च्या बंदीनंतर तिथे नोव्हेंबरमध्ये कांदा किलोला २०० टाक्यांच्या (तिथलं चलन) वर गेला, विमानाने कांदा आणावा लागला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये हसीना दिल्लीत आल्या असताना जाहीर भाषणात म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आणि बंदीची आधी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. मी ती क्लिप बघितली आणि मला हसू आलं नाही. आपली सगळ्यात जवळची मैत्रीण समजली जाणारी पंतप्रधान चारचौघांत सांगत होती की तुमच्या एका कागदाने माझ्या देशात महागाई भडकते. तिच्या विरोधकांनी घरी गेल्यावर तिला काय काय ऐकवलं असेल!

रोखठोक_नाशिककर

@चांदवडचा_घाट, पण त्या वेळी दिल्ली-मुंबईत कांदा काय भाव होता तेही लिहा की. शहरातला मतदार कांद्यावरून सरकार पाडतो, १९९८ ला दिल्लीत भाजपचं सरकार गेलं त्यात कांद्याचा मोठा हात होता. कुठलंही सरकार घाबरणारच.

चांदवडचा_घाट

मान्य. घाबरणं समजू शकतो. पण महिनाभर आधी सांगा, ठरलेला कोटा चालू ठेवा. मालदीवच्या बाबतीत आपण हे केलंच ना! तिथे 'इंडिया आउट'चा प्रचार करून मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, संबंध ताणलेले होते, तरी २०२४ मध्ये कांद्यासकट जीवनावश्यक वस्तूंचा कोटा भारताने त्यांना मंजूर केला. इकडे बंदी चालू असताना. तिथल्या माणसाचं ताट रिकामं ठेवून काही मिळणार नाही हे कुणालातरी उमगलं होतं. मग हेच ढाक्याच्या बाबतीत नियमाने का नाही?

ढाक्यातून_परतलेला

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मूळचा सिन्नरचा. काही वर्षं ढाक्याजवळ गाझीपूरला एका तयार कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम पाहायचो. त्या धंद्यात भारतीय बरेच आहेत, हे इकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

बांगलादेशच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा. सुमारे ४० लाख लोकांचं पोट त्यावर, त्यात बायका जास्त. सकाळी सातला गाझीपूरच्या रस्त्यावर डबे हातात घेतलेल्या मुलींच्या रांगा बघितल्या की तो देश कुणी उभा केलाय ते कळतं. गावाकडून आलेल्या, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर पगार घेणाऱ्या. घरी पैसे पाठवतात, धाकट्या भावाला कॉलेजात घालतात.

आणि खरी गोम त्या भावापाशी आहे. तो पदवीधर झाला, पण बहिणीच्या कारखान्यात त्याला जायचं नाही आणि दुसरं काम नाही. सरकारी नोकरी हा एकच दरवाजा. त्यातल्या ३० टक्के जागा १९७१ च्या मुक्तिसैनिकांच्या वारसांना राखीव. २०१८ च्या आंदोलनानंतर तो कोटा काढला होता, जून २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने परत आणला, आणि जुलैमध्ये विद्यापीठं पेटली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, इंटरनेट बंद केलं. त्यानंतर विषय कोट्याचा राहिलाच नाही. 

बाहेरून बघणाऱ्याला तो देश फार स्थिर दिसत होता. पद्मा पूल झाला, ढाक्याची मेट्रो झाली, विकासदर चांगला. पण तीन निवडणुका अशा झाल्या होत्या की माझ्या लाइनवरचा सुपरवायझर म्हणायचा, "दादा, आमचं मत आमच्या आधीच कुणीतरी टाकून येतं." आणि पुढे हळू आवाजात, "तुमच्या देशाला सगळं ठाऊक आहे, तरी तुमचा देश त्यांच्याच पाठीशी." तो भारतद्वेष्टा नव्हता. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याने कोलकात्यात केलं होतं, घरात हिंदी मालिका लावायचा. पण त्याला वाटायचं की आम्हाला तो दिसतच नाही.

रोखठोकभाऊ, लष्कर आणि तिजोरी हवीच. पण ऑगस्टमध्ये आपलं लष्करही जागेवर होतं, तिजोरीही. माहीत नव्हता तो हा सुपरवायझर.

येवलेकरीण

फार चांगलं लिहिलंत दादा. वाचतेय.

दिंडोरीचा_द्राक्षबागायतदार

कांद्यावाल्यांनी धागा भरून टाकलाय, थोडं आमचंही ऐका.

येमेन. आपल्यातल्या किती जणांना नकाशावर दाखवता येईल? अरबस्तानातला सगळ्यात गरीब देश. २०१४ पासून तिथे यादवी. उपासमार, कॉलरा, सगळं झालं. जगातलं सर्वांत भीषण मानवी संकट असं संयुक्त राष्ट्रं कंठशोष करून सांगत होती आणि श्रीमंत देश तिथे लढणाऱ्यांना शस्त्रं विकत होते. आम्हीही कुठे लक्ष दिलं? 

नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. आमचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघाला की एकेक दिवस मोजलेला असतो. प्री-कूलिंग, रीफर (थंड कंटेनर), तापमान, सगळं त्या दिवसांवर बेतलेलं. वळशाने दोन आठवड्यांच्या आसपास वाढले, भाडी वाढली. देठ सुकला, काडी तपकिरी पडली की तिकडचा सुपरमार्केटवाला माल बाजूला काढतो. छाटणी आम्ही ऑक्टोबरात केलेली, तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

युरोप-अमेरिकेने नंतर युद्धनौका पाठवल्या, क्षेपणास्त्रं डागली. दहा वर्षं आधी त्या देशाचं बघितलं असतं तर किती स्वस्तात पडलं असतं, असं माझ्या मनात फार येतं. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, आणि फक्त शेजाऱ्यांपुरतं नाही.

विंचूर_चौफुली

कांदा, द्राक्षं, येमेन, ढाका... धाग्याचं द्वारका सर्कल झालंय राव, चारही बाजूंनी सगळे आत आणि बाहेर कुणीच पडेना. :) चालू द्या, मजा येतेय. आता डाळिंबवाले कुठे आहेत?

बागलाणचं_डाळिंब

हजर. :)

माझा मुद्दा श्रीलंकेचा. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. शेतकऱ्याला ना शिकवलं, ना पर्याय दिला. भात घसरला, चहा घसरला. नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला तोवर हंगाम गेला होता. त्यात करोनाने पर्यटन बसलेलं, डोक्यावर कर्ज. एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्जफेड थांबवली, जुलैत राष्ट्राध्यक्ष पळाले. इकडून कांदा-बटाटा-मिरची पाठवणाऱ्यांना तेव्हा पैसे मिळायची मारामार होती, कारण त्यांच्या बँकांकडे डॉलरच नव्हते.

पण त्या वेळी भारताने जे केलं त्याचा मला अभिमान आहे. सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत, त्यात इंधन, औषधं, धान्य, आणि हंगाम वाचावा म्हणून ६५ हजार टन युरिया. कोण सत्तेवर येणार याची वाट न बघता दिली. ती मदत पेट्रोलपंपाच्या रांगेतल्या माणसापर्यंत गेली.

रोखठोक_नाशिककर

@बागलाणचं_डाळिंब, आणि त्याच ऑगस्टमध्ये चीनचं युआन वांग ५ हे संशोधन जहाज हंबनटोटा बंदराला लागलं, आपण विरोध केला तरी. ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ते बंदर २०१७ लाच चिनी कंपनीकडे गेलंय. आपल्या ४०० कोटी डॉलरचं काय झालं मग?

बागलाणचं_डाळिंब

पुढचं पण बघा ना भाऊ. जानेवारी २०२४ पासून वर्षभर परदेशी संशोधन जहाजांना बंदी श्रीलंकेनेच घातली. मदत केली म्हणजे देश विकत घेतला असं होत नाही, पण आपलं म्हणणं तिथे ऐकलं जायला लागलं, एवढं नक्की.

नाशिकरोड_प्रेस_गेट

आमच्या नाशिकरोडचंही एक सांगतो, कारण त्याचा या विषयाशी सरळ संबंध आहे. नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ मध्ये निघाल्या, त्या इथे, आपल्या प्रेसमध्ये छापलेल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं नेपाळी माणसाच्या खिशातली नोट नाशिकरोडहून जायची. आता ते काम चिनी कंपनी करते.

हे एका निविदेने झालं असं कुणी म्हणेल, आणि कागदावर तसंच आहे. पण २०१५ आठवा. एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, आपण सगळ्यांत आधी धावून गेलो. सप्टेंबरमध्ये त्यांची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशींचा त्यावर आक्षेप होता, आपल्यालाही ती पसंत नव्हती. आणि सीमेवर ट्रक अडले. आपण म्हणालो आम्ही अडवले नाहीत, तिथलेच आंदोलक अडवताहेत. काठमांडूच्या बाईला त्याच्याशी काय? ऐन हिवाळ्यात तिच्या घरी गॅस नव्हता, दवाखान्यात औषध नव्हतं. पाच महिने चाललं ते. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला.

मधेशींचा प्रश्न खरा होता, हे मी मानतो. पण भूकंपातून जेमतेम उठलेल्या माणसाच्या चुलीवर त्याचा भार पडू द्यायला नको होता.

ओझर_टाऊनशिप

या सगळ्या चर्चेत एक बाजू राहतेय. आपण स्वतःही कधीतरी 'तो' देश होतो, ज्याच्या स्थैर्याची बाहेरच्यांना चिंता होती.

वडील एचएएल या विमान कारखान्यात होते, मी टाऊनशिपच्या शाळेत शिकलो. ओझरचा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभारलेला. रशियाला आपल्यात एवढा रस का होता? अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ लढाऊ विमानं दिली होती, आपल्याला ती मिळत नव्हती. चीनशी रशियाचं बिनसत चाललं होतं. एवढा मोठा, नुकताच स्वतंत्र झालेला देश कुणाच्या बाजूला झुकतो यावर त्यांचं बरंच काही अवलंबून होतं. त्यांनी नुसती विमानं विकली नाहीत, कारखाना दिला. आधी भिलाईला पोलाद, मग आमच्याकडे विमान. त्यात त्यांचा स्वार्थ होता, यात शंका नाही. पण त्या स्वार्थातून निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतकऱ्यांची मुलं आयटीआय करून टर्नर-फिटर झाली, विमानाचे भाग बनवायला शिकली. ज्याने हाताला काम दिलं त्याच्याविषयी ओझरमध्ये आजही आपुलकीने बोलतात. सोव्हिएत संघ जाऊन तीस वर्षं उलटली तरी.

येवलेकरीण

@ओझर_टाऊनशिप, तुमचं वाचून मला दुसरी बाजू सांगावीशी वाटते.

७२ च्या दुष्काळात मी लहान होते, पण लाल मिलोची भाकरी आठवते. रेशनवर मिळायची. थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. आई म्हणायची "अमेरिकेची ज्वारी आहे, खा गपगुमान." आमच्या आधीच्या पिढीने तर साठच्या दशकात पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदतीचा, गहू खाल्लेला. १९६५ ते ६७ मध्ये बिहारकडे दुष्काळ असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं एकेका महिन्याच्या हिशोबाने सोडली. व्हिएतनामवर भारत टीका करतो, शेतीचं धोरण बदलत नाही, म्हणून हात आखडता. गहू खरा होता, लाखो लोक त्यावर जगले, हे मी नाकारत नाही. पण मागायला उभं केलं, ते लोक विसरले नाहीत. इंदिराबाईंनी १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं त्यामागे हीच चीड होती.

म्हणून मला 'स्थैर्य' म्हटलं की विचारावंसं वाटतं, कुणाच्या सोयीचं? अमेरिकेला भारत स्थिर हवा होता म्हणजे त्यांच्या मताचा हवा होता. आज ढाक्याची बाई कांद्याच्या भावावरून आपल्याविषयी काय म्हणत असेल, ते माझ्या आईच्या चुलीपुढे बसलेल्या मला अगदी स्पष्ट कळतं.

आणि ७२ ला महाराष्ट्र मोडला नाही तो मिलोमुळे नाही. खडी फोडायची, पाझर तलावांची, रस्त्यांची कामं निघाली, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. माझ्या आईने खडी फोडली आहे. मजुरी हातात पडायची म्हणून गाव टिकलं. बाहेरच्यांना खरंच एखादा समाज सावरायचा असेल तर त्याला हे असलं काहीतरी स्वतः उभं करता येईल असं बघावं.

ढाक्यातून_परतलेला

ताई, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे.

मालेगावचा_माग

कपड्याचा विषय निघालाय म्हणून. २०२५ मध्ये काय झालं ते लिहून ठेवतो. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशच्या मालाला आपल्या बंदरांतून-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जायची जी सवलत होती ती काढली. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणं बंद केलं. इकडे काही जण खूश झाले की आता आपला कपडा खपेल. पण सूतगिरण्यांचं गिऱ्हाईकच ते होते! दोन्ही सरकारांनी एकमेकांना धडा शिकवला आणि दोन्हीकडच्या कामगाराचा रोज बुडाला. आमच्याकडे माग बंद पडला की घरात काय होतं ते आम्हाला विचारा.

संचालक_मंडळ

सदस्यांना विनंती: दोन प्रतिसाद उडवले आहेत. देशाच्या धोरणावर बोला, एखाद्या धर्माच्या लोकांना सरसकट नावं ठेवू नका.

रोखठोक_नाशिककर

उडवलेले प्रतिसाद माझे नाहीत, हे आधी सांगतो.

येवलेकरीण ताईंचा मुद्दा मला खरंच विचार करायला लावणारा वाटला. तरी माझा एक आक्षेप उरतोच आणि तो मी सोडणार नाही. समाजाकडे बघायचं ठीक, पण बांगलादेशात हिंदूंवर हल्ले झाले, घरं-मंदिरं जाळली, तेव्हाही आपण कांदा पाठवत बसायचं का? समाजाशी मैत्री करायची तर त्या समाजाने आपल्या अल्पसंख्याकांशी कसं वागावं हे आपण बोलायचं नाही का?

ढाक्यातून_परतलेला

बोलायचंच. ठणकावून बोलायचं. माझ्या लाइनवरच्या दोन हिंदू मुली त्या ऑगस्टमध्ये कामावर यायला घाबरत होत्या, हे मला तिथल्याच मुसलमान सहकाऱ्याने फोन करून सांगितलं. त्याच्या मोहल्ल्यातली पोरं रात्री मंदिराबाहेर पहाऱ्याला बसली होती. मार खाणारेही तिथेच आहेत आणि पहारा देणारेही. कांदा बंद केला, व्हिसा बंद केला, तर पहारा देणाऱ्याचा हात कमजोर होतो आणि जाळणाऱ्याला आयतं भाषण मिळतं. आपले व्हिसा ऑगस्ट २०२४ नंतर फार कमी झाले. कोलकात्याला उपचाराला येणारे लोक चीनमध्ये कुनमिंगला जायला लागले. रुग्ण गेला की त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या नातेवाइकांचं आपल्याविषयीचं मतही जातं.

सातपूरची_सई

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला वाचून असं दिसलं की बांगलादेश आपल्यावर अवलंबून आहे असं आपण धरून चाललोय. तसं अजून आहे का? ते दुसरीकडून घेत नाहीत?

चांदवडचा_घाट

घेतात ताई. पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान, जिथून मिळेल तिथून. आणि २०१९, २०२० चे चटके बसल्यावर त्यांनी स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे पट्टे. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा मुडिकाटा, म्हणजे लवकरचा, कांदा येतो, त्यानंतर मुख्य पीक. स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्या काळात आयातीचे परवाने रोखतात. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

म्हणजे बघा, बंदी आपण दिल्लीच्या भाजीवाल्यासाठी घातली, पण तिचा परिणाम असा की आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपल्याशिवाय जगायला शिकतंय. २०२३-२४ ला देशाची निर्यात १७ लाख टनांवर आली होती. आखातात आणि मलेशियात आपली जागा पाकिस्तानी कांद्याने घेतली ती वेगळीच.

पिंपळगाव_बसवंत

आता काय करायचं ते पण कुणीतरी लिहा. नुसती हळहळ किती दिवस?

निफाडची_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. रोखठोक साहेब, तुमचेही. तुम्ही नसता तर आम्ही सगळे एकमेकांना +१ देत बसलो असतो.

पिंपळगावकर, मला सुचतं ते सांगतो. पहिलं, निर्यातीचं धोरण हंगाम सुरू होण्याआधी जाहीर व्हावं आणि हंगामभर बदलू नये, ही आपली मागणी आपण नेहमी 'शेतकऱ्याचं नुकसान' एवढ्यापुरती मांडतो. ती परराष्ट्र धोरणाची मागणी म्हणूनही मांडू या. जिल्ह्यातले खासदार संसदेत कांद्यावर बोलतात तेव्हा वाणिज्य आणि ग्राहक खात्याच्या मंत्र्यांकडे बघून बोलतात. त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांनाही विचारावं की शेजाऱ्यांसाठी ठरलेला, बंदीतही न तुटणारा कोटा का असू नये. मालदीवला दिला तसाच.

दुसरं, आपण तिथल्या माणसांना ओळखतच नाही. मधे नाशिकचा व्यापारी, कोलकात्याचा एजंट, सीमेवरचा क्लिअरिंगवाला, तिकडचा आयातदार. २०२० च्या टाळेबंदीत लासलगावहून मालगाडीने थेट तिकडच्या दर्शना स्टेशनात कांदा गेला होता, तेव्हा वाटलं होतं की आता सरळ नातं जुळेल. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तिकडच्या घाऊक बाजाराची माहिती थेट ठेवावी. रमझान कधी, बकरी ईद कधी, त्यांचं पीक कसं आहे, तिथे मजुरी किती, पोरं कशावर चिडलीत, हे सगळं लिलावाला जाण्याआधी माहीत असावं.

आणि रोखठोक साहेबांनी विचारलं होतं तसं, अल्पसंख्याकांविषयी आपल्या सरकारने बोलावं, जोरात बोलावं, पण गिऱ्हाईक आणि रुग्ण यांच्यासाठी दरवाजा उघडा ठेवून.

रोखठोक_नाशिककर

ठरलेल्या कोट्याला माझाही पाठिंबा. बाकीचं पटलं असं नाही, पण ते लिहीनच पुन्हा.

दिंडोरीचा_द्राक्षबागायतदार

कोट्याचं निवेदन तयार करणार असाल तर द्राक्षांवर बांगलादेशात जे जबर आयात शुल्क आहे त्याचाही त्यात उल्लेख करा. वजनाने बघितलं तर आपली द्राक्षं खाणाऱ्यांत ते फार वरच्या नंबरवर आहेत, आणि शुल्क वाढलं की इथला भाव त्याच आठवड्यात पडतो. मसुदा इथेच टाका, मी बघून दुरुस्त्या सुचवतो.

निफाडची_माती

रविवारपर्यंत टाकतो. ढाक्याचे दादा, तिकडच्या घाऊक बाजाराविषयी एक परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का?

ढाक्यातून_परतलेला

देतो. श्यामबाजार आणि चट्टग्रामच्या खातुनगंजविषयी लिहितो, कांद्याचा भाव तिथे फुटतो. सुपरवायझरलाही फोन करतो, त्याच्या गल्लीत आत्ता काय भाव आहे विचारून.